चिमणीखालची पट्टी

१

"मला मात्र महिनाभर बाहेर बसवलंत. आता बघा कुणाच्या दारात आलंय ते," पोस्टमनकाका पुटपुटले.

पुटपुटले ते थेट ताईच्या कानात. ती त्यांच्या कानामागे नव्या चष्म्याची दांडी बसवत होती आणि दोघांच्या डोक्यांत वीतभरही अंतर नव्हतं. चष्म्याच्या दुकानात बावीस वर्षं काढल्यावर ताईला एक कळून चुकलं होतं: इतक्या जवळ आलं की माणसांना गप्प बसवत नाही.

"मान हलवू नका, काका. डावी दांडी वर जाईल आणि मग त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर."

"मी काही बोललोच नाही," म्हणत काका आणखी पाच मिनिटं बोलले.

त्यांचा राग जुना होता. 'खिडकीतले पाहुणे' हा ऑनलाइन गट ताईने अकरा वर्षांपूर्वी सुरू केला. आपल्या खिडकीत आलेला पक्षी टिपायचा आणि गटात टाकायचा, एवढंच काम. आज आठ हजार माणसं त्यात होती आणि गटाच्या माथ्यावर ताईने लिहिलेले नियम टांगलेले होते. पहिला नियम असा की फोटो ज्याने काढला त्याचाच. नेटवर सापडला म्हणून तो आपला होत नाही, आणि खाली दुसऱ्याचं नाव लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली असंही नाही. दुसरा, दुसऱ्याचा फोटो टाकायचाच असेल तर त्याची परवानगी लेखी हवी. तिसरा, एका घराचं एकच खातं. हा तिसरा नियम मागाहून आला. वर्षातल्या उत्तम फोटोसाठी मतदान होतं, त्यात एका कुटुंबाने सात मतं टाकली होती आणि त्यातलं एक पाळण्यातल्या बाळाचं होतं.

निवृत्तीनंतर काकांनी कुठूनतरी आलेला 'शुभ सकाळ'वाला बुलबुल स्वतःचा म्हणून गटात टाकला. मूळ फोटोग्राफरने तक्रार केली. ती संकेतस्थळाकडून गटावर आलेली पहिली ताकीद, आणि त्यासाठी ताईने काकांना महिनाभर गटाबाहेर ठेवलं. दुसरी एका मासिकातल्या फोटोवरून आली. आणि काल सकाळी तिसरी.

गटातला सगळ्यात गाजलेला फोटो, चोचीच्या टोकाला पाण्याचा थेंब धरून वळून बघणारी चिमणी, नाहीसा झाला होता. त्या जागी करडा चौकोन, आणि त्यात लिहिलेलं: मालकाच्या तक्रारीवरून हटवले आहे.

फोटो ताईच्या सख्ख्या थोरल्या भावाचा. दादाचा.

काका आरशात नवा चष्मा बघत म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा ना, ताई?"

"सारखाच."

ते गेल्यावर तिने संकेतस्थळाची कालची नोटीस पुन्हा उघडली. सात दिवसांत उत्तर हवं होतं. फोटो टाकणाऱ्याचाच आहे असं तिने लिहून दिलं तर गट वाचेल. तक्रार मान्य केली तर ही तिसरी वेळ, गट कायमचा बंद. अकरा वर्षांचे पक्षी, माणसं, भांडणं, सगळं पुसलं जाईल. तक्रारदाराने आपणहून तक्रार मागे घेतली तर मात्र प्रश्नच मिटतो. तक्रारदाराचं नाव गुप्त होतं. पुरावा म्हणून त्याने मूळ फोटो जोडला होता.

तो मूळ फोटो ताईने मोठा करून पाहिला. आधी चिमणीचा डोळा. डोळ्यात फोटो काढणाऱ्याचं प्रतिबिंब सापडतं असं गोष्टींमध्ये असतं. दुकानातलं भिंगही लावून पाहिलं. एक पांढरा ठिपका दिसला. ठिपक्याला कुठली ओळख.

मग तिची नजर खाली गेली. तिथे बोटभर रुंदीची पट्टी जास्त होती. कोपऱ्यात हिरवट कापडासारखं धूसर काहीतरी, आणि जुने कॅमेरे उमटवतात तसे नारिंगी आकडे. तारीख, आणि ११:२०.

गटातल्या फोटोत ही पट्टी नव्हती. कुणीतरी ती कापली होती. आणि न कापलेला फोटो ज्याच्याकडे होता, त्यानेच तक्रार केली होती.

ताईने ते आकडे वाचले. मग फोन पालथा ठेवला आणि उगाचच काउंटर पुसायला घेतला.

२

काकांकडे मूळ फोटो असण्याचं कारणच नव्हतं. चिडखोर माणूस, पण गटात दिसलं तेवढंच त्यांना दिसलेलं. मग उरला फोटो मढवणारा फ्रेमवाला. दोघांचा धंदा एकाच नावाचा. ताई फ्रेम लोकांच्या नाकावर बसवायची, तो भिंतीवर. त्याच्या दुकानात काचेमागे ती चिमणी तीन फूट उंच होऊन बसली होती.

"मी परवानगी घेतलीय," ताई उंबऱ्यात असतानाच तो म्हणाला.

"मी अजून काही विचारलं नाही."

"तुम्ही उगाच कशाला याल? तुमचा चेहराच नियमांसारखा दिसतो."

"कुणाची घेतलीत परवानगी?"

"फोटो घेऊन आले त्यांची. आमच्या धंद्यात आणणारा तोच मालक. तुमच्याकडे कुणी चष्मा आणला तर तुम्ही विचारता का, हा तुमचाच का म्हणून?"

"विचारते. अर्धी माणसं बायकोचा चष्मा घेऊन येतात."

तो हसला. ताई काचेजवळ गेली. खाली पट्टी नव्हती. चिमणी गटातल्यासारखीच कापलेली. म्हणजे यालाही कापलेलाच फोटो मिळाला होता.

"तुम्ही कड कापलीत का याची?"

"मी कशाला? दादांनी आणला तो असाच. मी फक्त विचारलं, भोवती मोकळी जागा किती सोडू. दादा म्हणाले, सोडा दोन बोटं सगळीकडून सारखी." त्याने स्क्रू पिळला. "वहिनी सोबत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, पक्षी बघतोय त्या बाजूला जास्त सोडा, नाहीतर त्याचं डोकं भिंतीवर आपटल्यासारखं वाटेल. मी वहिनींचं ऐकलं. चूक केली का?"

"नाही," ताई म्हणाली. चिमणीसमोर हातभर मोकळा पांढरा कागद होता, आणि त्यामुळेच ती खरंच कुठेतरी दूर बघतेय असं वाटत होतं.

"त्यांना बरं कळतं हो फोटोतलं," फ्रेमवाला म्हणाला.

ताईने पर्स उघडली, बंद केली, आणि निरोप न घेताच बाहेर पडली. परतीच्या वाटेवर ती मनाशी एकच वाक्य घोळवत होती: मूळ फोटो दादाच्या घराबाहेर गेलाच नव्हता.

३

"उत्तर दे ठोकून," दादा म्हणाला. "फोटो माझा. विषय संपला."

दादाने तीस वर्षं कारखान्याच्या फाटकावर बसून माणसांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहिल्या होत्या. मागच्या वर्षी निवृत्त झाला आणि तीन महिने नुसता भिंतीकडे तोंड करून बसला. मग ही चिमणी आली. आठ हजार माणसं 'दादा, दादा' करू लागली आणि दादा पुन्हा इस्त्रीचे शर्ट घालायला लागला. आठवड्यापूर्वीच ताईने गटात जाहीर केलं होतं की यंदाच्या कॅलेंडरवर मुखपृष्ठ चिमणीचं, खाली नाव दादाचं.

"मूळ फोटो दाखव ना एकदा. उत्तरासोबत जोडावा लागेल."

"मूळ? असेल की कॅमेऱ्यात." तो उठला, कपाट उघडलं, वरचा खण, खालचा खण. "अगं, कॅमेरा कुठे ठेवलास?"

"जागेवरच आहे," आतून वहिनीचा आवाज आला.

दादा पुन्हा कपाटातच शोधू लागला. तेवढ्यात वहिनी आईच्या खोलीतून कॅमेरा घेऊन आली. पदराला औषधाचा वास होता. सहा वर्षं आई त्या खोलीत पडून होती आणि सहा वर्षं वहिनी त्या खोलीत बसून.

"वन्सं, चहा टाकू?"

"नको, वहिनी. तुम्ही बसा."

वहिनी काही बसली नाही. दादाने ऐटीत कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात घातला तर कॅमेरा हनुवटीलाच लागला. पट्टा चांगला वीतभर आखूड केलेला होता. दादाने तो घाईने काढला आणि बटणं दाबायला लागला. पडद्यावर तारीख बदलायचं पान आलं, मग भाषा निवडायचं, मग काहीच नाही.

"हे हल्ली बिघडलंय," तो म्हणाला.

वहिनीने जाता जाता, न बघता, अंगठ्याने एक बटण दाबलं. चिमणी उजळली. वहिनी आत निघून गेली.



"धाकटे," आतून आईने हाक मारली. "आलीस का? अजून रविवार कुठे आलाय?"

ताई रविवारची यायची. तासभर बसायची, फळं ठेवायची, निघायची. आत गेली तेव्हा आईच्या उशाशी खिडकी उघडी होती. चौकटीवर पावाचा चुरा, पाण्याची बशी. पलंगाच्या कठड्याजवळ खिळा, खिळ्याला औषधांची पिशवी आणि शेजारी एक रिकामा खिळा, कॅमेऱ्याएवढ्या जागेत भिंत गुळगुळीत झालेली.

ताईने आईचं पांघरूण सारखं केलं. हिरव्या चौकड्यांचं, जाड. गेल्या वर्षी थंडीच्या आधी तिनेच आणून दिलेलं. किती काळजी करते लेक, असं तेव्हा शेजारीण म्हणाली होती आणि ताईला ते ऐकायला बरं वाटलं होतं.

खिडकीच्या चौकटीला पांघरुणाचं टोक टेकलं होतं.

४

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर ताईने काउंटरखालून मागच्या वर्षीची नोंदवही काढली. खरं तर ती न काढताच तिला पान ठाऊक होतं. तरी काढली, कारण माणूस स्वतःचं ऐकत नसला तर स्वतःच्या अक्षराचं ऐकतो.

मंगळवारी दुकानात डोळ्यांचे डॉक्टर बसायचे. नारिंगी आकड्यांतली तारीख मंगळवारची होती.

पानावर सातवी ओळ, तिच्याच अक्षरात: दादा. आले सव्वादहा. दोन्ही डोळ्यांत थेंब. गेले एक.

बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातले की पुढचे तीन-चार तास जवळचं काही दिसत नाही आणि उजेड सहन होत नाही. त्या दिवशी दादा आतल्या बाकावर डोळ्यांवर रुमाल धरून बसला होता. बरोबर अकरा वाजता ताईने त्याच्या हातात पाण्याचा पेला दिला तर त्याने दोनदा हवेतच हात घातला. दोघं हसली होती त्यावर. एक वाजता तिनेच त्याला हाताला धरून गाडीत बसवलं.

आणि त्याच संध्याकाळी गटात फोटो आला. खाली दादाने लिहिलं होतं: 'आज सकाळी. डोळे चुरचुरत होते, तरी हात थांबला नाही.'

पहिला प्रतिसाद ताईचा होता. 'दादा, काय हात आहे तुझा.'

लिहिताना तिच्या मनात एक छोटा काटा टोचला होताच. सकाळी? आज? मग तिने स्वतःची समजूत घातली होती: दुकानात यायच्या आधी काढला असेल, आठला, नऊला. सकाळ केवढी तरी लांब असते. त्या समजुतीवर तिने वर्ष काढलं.

११:२०.

पट्टी का कापली गेली हे आता वेगळं शोधायची गरज नव्हती. आठ हजार माणसांत ते आकडे एकाच माणसाला वाचता आले असते, आणि तो माणूस नोंदवही समोर घेऊन उभा होता.

५

आता फक्त तक्रार कुणी केली हे पक्कं व्हायचं होतं. तेही तिच्याच हातात होतं, तिच्याच फोनमध्ये.

गटात यायला अर्ज करावा लागायचा: टोपणनाव, पत्ता, दोन ओळी. पत्ता आधीच्या सदस्याचा निघाला की ताई एक तयार उत्तर पाठवायची. त्यासाठी तिने बटणच करून ठेवलं होतं. 'एका घराचं एकच खातं. कृपया घरातल्या सदस्याच्या नावे फोटो टाकावेत.' शेवटी फुलाचं चित्र. फूल असलं की नकार टोचत नाही असं तिचं मत होतं.

तिने नाकारलेले अर्ज उघडले आणि दादाचा पत्ता शोधला. दादाचं खातं गट सुरू झाल्यापासून होतं, वर्षानुवर्षं नुसतं नावाला.

तीन अर्ज होते. टोपणनाव एकच, 'खिडकीपाशी'.

पहिला अर्ज दोन वर्षांपूर्वीचा. 'मी दिवसभर एका खिडकीपाशी असते. बरेच पक्षी येतात. माझ्याकडे जुना कॅमेरा आहे.' उत्तर: फूल.

दुसरा चिमणीनंतरच्या आठवड्यातला. 'तुमच्या नियमात लिहिलंय की फोटो काढणाऱ्याचाच असतो. काढणाऱ्याचं खातं नसेल तर तो कुणाचा असतो, एवढं कळवाल का?' उत्तर: फूल.

तिसरा गेल्या आठवड्यातला, कॅलेंडर जाहीर झालं त्या दिवशीचा. त्यात दोन ओळीही नव्हत्या. 'वन्सं, मी आहे.'

त्यालाही फूल गेलं होतं.

ताईने अर्ज वाचलेच नव्हते. पत्ता बघायचा, बटण दाबायचं. पोस्टमनकाकांनी चोरला तो एक बुलबुल. तिने नियम करून, माथ्यावर टांगून, घराघरांतल्या किती जणींचे फोटो दुसऱ्याच्या नावावर चढवले होते, ते कुणाला ठाऊक. तो आकडा काढायला तिने सुरुवात केली आणि चाळिसाव्या अर्जाला थांबली.

६

सातव्या दिवशी रविवारच होता. ताई फळं न घेता आली.

"दादा, आईच्या खोलीत ये. वहिनी, तुम्हीही."

"मीटिंग आहे का?" आई म्हणाली. "मग मला जरा उठून बसवा."

वहिनीने तिला एका हाताने सावरून उशी मागे सरकवली. ते इतकं सफाईने झालं की ताईचा पुढे आलेला हात तसाच राहिला.

"ज्याने तक्रार केली त्याच्याकडे न कापलेला फोटो होता," ताई दादाकडे बघत म्हणाली. "पोस्टमनकाकांकडे तो नव्हता. फ्रेमवाल्याला तू कापलेला दिलास. तो या घराबाहेर गेलाच नाही. कापलेल्या पट्टीत हे पांघरूण आहे आणि वेळ आहे. अकरा वीस."

"मग? अकरा वीसला मी घरीच असतो. निवृत्त माणूस जाणार कुठे?"

"त्या दिवशी माझ्या दुकानात होतास. डोळ्यांत थेंब घालून. पाण्याचा पेला सापडत नव्हता तुला."

दादाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तो चष्माही तिनेच बसवून दिलेला.

"अगं, पण कॅमेरा माझा," तो म्हणाला. "मी घेतलाय तो. खिडकी माझ्या घराची. बायको..." आणि तिथे त्याचं त्यालाच ऐकू आलं. त्याने वहिनीकडे पाहिलं नाही. "मी एकदाच टाकला. वाटलं, चार माणसं बघतील, संपेल. मग सगळे बोलायला लागले. मग सांगायचं कसं? तीन महिने मला कुणी हाक मारली नव्हती, धाकटे."

"मी मारत होते," आई म्हणाली. "तू यायचा नाहीस."

खिडकीत फडफड झाली. एक चिमणी चौकटीवर उतरली, माणसांची गर्दी बघून उडून गेली.

ताईने फोन काढून पांघरुणावर ठेवला. "नोटिशीला आज उत्तर द्यायचंय. फोटो दादाचाच असं मी लिहिणार नाही. तक्रार मान्य आहे, एवढंच लिहिलंय. पाठवलं की गट बंद होईल."

"तू वेडी आहेस का?" दादा म्हणाला. "अकरा वर्षं... तिला सांग ना, तक्रार मागे घे म्हणून. घरातली गोष्ट आहे."

ताई हेच सांगायला आली होती, निदान घरून निघाली तेव्हा. सगळ्या रस्ताभर वाक्य जुळवलं होतं: वहिनी, झालं गेलं, पुढचं मुखपृष्ठ तुमच्या नावाने. आता ते वाक्य तिच्या तोंडात आलं आणि त्याच्या शेवटीही तिला एक फूल दिसलं. तिने ते गिळलं.

वहिनीने आईच्या तोंडाशी पाण्याचा पेला धरला. आईचे दोन घोट होईपर्यंत सगळे थांबले. मग पेला खाली ठेवून ती म्हणाली,

"तक्रार केली तेव्हा मला गट बंद पाडायचा नव्हता, वन्सं. मला एवढंच बघायचं होतं की फोटो कुणी काढला, हे कुणी विचारतंय का. तुम्ही शोध घ्यायला निघालात, मला बरं वाटलं. पोस्टमनकाकांना नवा चष्मा दिलात म्हणे. फ्रेमवाल्याकडे गेलात. यांना विचारलंत, माझ्यासमोर. मी कॅमेरा आणून हातात दिला." तिने पदराने आईची हनुवटी टिपली. "सात दिवस झाले. सगळ्यांना विचारलंत. मला एकदाही नाही विचारलंत. का?"

दादा भिंतीकडे बघत होता. आई ताईकडे बघत होती.

ताईने कितीतरी कारणं शोधून पाहिली. दुकान, नियम, घाई, पट्टी. सगळी पोकळ वाजली.

"कारण मला माहीत होतं, वहिनी," ती म्हणाली. "पहिल्या संध्याकाळपासून माहीत होतं."